करवतीला बांधलेला धागा

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. आखाजी तोंडावर आली होती आणि आमच्या अंगणातल्या निंबाची मोठी फांदी वाऱ्यानं फाटून गोठ्यावर टेकली होती.

यंदा पुन्हा तसाच वारा सुटला आहे. चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांना तो सांगायला नको. दुपार कलेपर्यंत केळीचं पान हलत नाही. अंगाला घाम येतो आणि तिथंच वाळतो. मग डोंगराच्या अंगाला आभाळ मळकट पिवळं होतं, कुत्री उठून जागा बदलतात, पत्र्यांवरचे दगड नीट करायला माणसं शिडी लावतात. निंबाला फुलोरा आलेला असतो. वारा आला की ती पांढरी बारीक फुलं घरात, पाण्याच्या माठावर, भाकरीच्या टोपल्यात येऊन पडतात. पूर्वी या दिवसांत मला त्या फुलांचाच वास यायचा. आता त्यात करवतीच्या तेलाचा वासही येतो. तेल कुठं सांडलेलं नसतं, पण येतो.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड पुरी नाही. अक्षराला अक्षर लावून वाचतो. पण जे हातात घेतो ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, मधली पानं उडवत नाही. माझा मुलगा संजू जळगावला पाइपांच्या कारखान्यात आहे, तो कागद नुसता वरून बघतो आणि खिशात घालतो. हे मी त्याला कमी लेखायला सांगत नाही. त्या दिवशी काय झालं ते कळायला सांगतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे तो लेकींचा सण. धुळ्याच्या, अमळनेरच्या, कुठकुठच्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात. बायका गाणी म्हणत झोके घेतात आणि सासरच्या माणसांना गाण्यातून काय काय ऐकवतात. खापरावरचे मांडे, वाटी तोंडाला लावून प्यायचा आंब्याचा रस. आमच्या अंगणातला झोका आळीत सगळ्यात उंच जायचा, कारण निंबाची ती फांदी सरळ होती आणि माझ्या मनगटाएवढ्या दोराला ती कधी कुरकुरली नव्हती.

सुमन, माझी लेक, धुळ्याला दिली. तिथं ती शिवणकाम करते. जावई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मधल्या आखाजीला ती आलीच नाही, आम्हीही फार आग्रह केला नाही, घाव ताजा होता. त्या वर्षी आली. आली ती थेट आतल्या खोलीत जाऊन बसली. विचारलं तेवढंच बोलायची. शेजारच्या बायका भेटायला आल्या की उठून चुलीकडे जायची. झोका बांधायचं कोणी काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं झोक्याची फांदीच फाडली, म्हणजे तो प्रश्नही मिटला असं कुणाला वाटलं असेल. मला वाटलं नाही.

फांदी पुरती तुटली असती तर बरं झालं असतं. ती वरून खोड चिरत छातीएवढ्या उंचीपर्यंत खाली आली होती, तिथं सालीच्या आणि थोड्या लाकडाच्या जोरावर अडकली होती आणि तिचं दुसरं टोक गोठ्याच्या भिंतीवर टेकलं होतं. मधे तिचा बाक आला होता. धनुष्य ताणून धरल्यासारखी. तिच्या खालूनच गोठ्यात जायची वाट. गुरं आम्ही शेतात नेऊन बांधली, पण माझी बायको सवयीनं दिवसातून दहादा तिथून जायची. मी ओरडलो की म्हणायची, "मरी गऊ तं मरी गऊ." आणि पुन्हा जायची.

मी कुऱ्हाडीचा माणूस. बाभळी, सागाच्या फांद्या, विहिरीवरचा उंबर, सगळं कुऱ्हाडीनं उतरवलं. पण खांदा आता वर जात नाही, आणि ताणलेल्या फांदीवर घाव घातला की ती कुठं उसळेल ते सांगता येत नाही. घरचे म्हणाले, बाहेरची माणसं बोलवा. माझ्या अंगणातलं झाड बाहेरचा माणूस तोडणार नाही, असं मी सांगितलं. यावरून घरात दोन दिवस कुणी माझ्याशी सरळ बोलत नव्हतं. शेवटी संजूनं सुट्टी काढली आणि जळगावहून गाडीला बांधून खोकं आणलं. लाईटवरची करवत.

ओट्यावर गोणपाट पसरलं आणि खोकं उघडलं. नवा प्लॅस्टिकचा वास. केशरी धूड, एक लांब चपटी पट्टी, तेलकट पिशवीत गुंडाळलेली चेन, एक पाना, पट्टीवर घालायचं म्यान आणि चित्रांची पुस्तिका. पुस्तिका मी आधी ताब्यात घेतली. हिंदीत होती, ते मला जमतं. पहिल्या पानावरच लाल फुलीखाली एक माणूस काढला होता, गळ्यात उपरणं लोंबतंय, पायात चप्पल. मी माझ्याकडे बघितलं. संजूकडे बघितलं नाही.

"नाना, तुम्ही धोतरात आहात. चालू करताना तिकडं अंगणातल्या विहिरीच्या कडेला उभं राहायचं," संजू म्हणाला.

"चालू करताना. जोडताना नाही," मी म्हणालो.

जोडायचं काम मीच केलं. कातड्याचे मोजे हातात घातले, कारण चेन थंड असली तरी दात ते दातच. झाकण काढलं, पट्टी बसवली, चेन पट्टीच्या खोबणीत घातली आणि मागच्या दातेरी चाकावर चढवली. मनासारखं बसलं. झाकण लावणार एवढ्यात बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "दात उलटा शेतस."

"तुले काय समजस त्यामा?"

"माले काही नही समजत. वरला दात तुम्हनाकडे तोंड करीसन शेतस. इळाबी असा नही धरत कोनी."

मी पुस्तिका बघितली. वरच्या अंगाचे दात पट्टीच्या टोकाकडे तोंड करून हवे होते. माझे माझ्याकडे बघत होते. मी चेन काढली, उलटवली, पुन्हा बसवली. संजू हसू दाबत होता. सुमन दाराच्या आडोशाला होती, तिच्याही तोंडाला पदर गेला. ती आल्यापासून पहिल्यांदा मी तिला तशी बघितली, आणि चेन उलटी बसल्याचा राग तिथंच गेला.

मग ताण. पट्टीचं टोक वर उचलून धरायचं आणि बाजूचा स्क्रू फिरवत जायचं. चेन सैल राहिली तर निसटते, जास्त ताणली तर पट्टी खाते. मधोमध धरून वर ओढली की थोडी उठली पाहिजे आणि सोडली की चट् करून खोबणीत बसली पाहिजे. मोटेच्या नाड्याला, बैलाच्या जोत्याला मी आयुष्यभर हाच अंदाज लावला. पुस्तिकेत तोच लिहिलेला बघून बरं वाटलं. नट आवळला. मोजा घातलेल्या हातानं चेन एक फेर ओढून बघितली. तेलाची टाकी भरली.

वायरवरून मात्र वाद झाला. आमच्याकडे मोटार म्हणा, पंखा म्हणा, वायरीची दोन टोकं सोलायची, बोर्डात खुपसायची आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची. मी तसं केलेलं आहे आणि जिवंत आहे. संजूनं जाड वायर आणली होती, तीन पिनांची, आणि भिंतीत लावायला एक खटका, शॉक बसायच्या आत लाईट तोडतो म्हणे. मी म्हटलं, एवढं कशाला. तो म्हणाला, "काड्या ठोकायच्या असतील तर करवत परत नेतो." आवाज चढवला नाही त्यानं. माझाच मुलगा आहे, तो अडून बसला की मला ओळखू येतं. खटका लागला.

आता पूजा.

आमच्या घरात नवं हत्यार आलं की त्याला हळदी-कुंकू लावून लाल धागा बांधतात. नांगर, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांना. आखाजीच्या दिवसांत आलं तर माहेरी आलेल्या लेकीच्या हातानं. आणि एकदा बांधला की पहिलं काम होईस्तोवर तो धागा काढायचा नाही. बायकोनं ताट तयार केलं आणि शेजारच्या घरी हाक मारायला निघाली.

"कुठं चालली?"

"शेवंताबाईले बोलावस. तिनी पोर येल शे."

"आपली पोर येल नही का?"

ती थांबली. ताट हातात तसंच. मग हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "आते तरी ऐका. काही व्हयनं तं करवतनं नाव कोनी लेनार नही. पोरीनं लेतीन."

ती चुकीचं बोलत नव्हती. फांदी भलतीकडे उसळली, संजूला लागलं, तर आळीभर एकच बोललं गेलं असतं, की विधवेचा हात लागला होता. बायकोला पोरीला वाचवायचं होतं. मलाही तेच करायचं होतं. पण पोरीला आतल्या खोलीत ठेवून वाचवायचं, हे मला मान्य नव्हतं. मी मोठ्यानं हाक मारली, सगळ्या आळीला जाईल अशी. "सुमन, बाहेर ये. करवतीची पूजा करायची आहे."

ती आली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नाना, नको. मन्हा हात..."

"तू नही बांधशी तं कोन बांधी?"

तिनं हळद लावली, कुंकू लावलं. मग धागा घेतला. करवतीच्या पुढच्या मुठीसमोर पंज्याएवढी ढाल उभी असते, बैलाच्या कपाळासारखी. साहजिकच तिनं तिथं बांधला. ढाल आणि मूठ मिळून वेढे दिले आणि शिवणकामवाल्या बाईची गाठ मारली, बारीक आणि चिवट. कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. ती मागं सरली आणि या वेळी आत गेली नाही, ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

संजूनं बूट घातले, शर्ट आत खोचला, चष्मा लावला. फांदीच्या बाकाखाली आम्ही आधीच दोन टेकू दिले होते आणि टोकाला दोर बांधून तो विहिरीच्या खांबाला आवळला होता. डोंगराकडे बघितलं तर आभाळ मळायला लागलं होतं. वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते, आणि लाईट गेली की फांदी आणखी एक रात्र लोंबकळत राहणार. संजूला घाई होती. मलाही होती.

पण पुस्तिकेचं एक पान राहिलं होतं. पिन लावायच्या आधी ब्रेक बघायचा. करवत लाकडात अडकली की उसळी मारून तोंडाकडे येते. तेव्हा आपलं मनगट त्या ढालीवर आपटतं, ढाल पुढं पडते आणि चेन जागच्या जागी थांबते. तेवढ्यासाठीच ती ढाल असते. मी करवत गोणपाटावर ठेवली आणि ढाल पुढं ढकलली.

ती हलली नाही.

पुन्हा ढकलली. धागा ताणला गेला आणि ढालीला त्यानं मागं धरून ठेवलं.

संजूनं ते बघितलं. त्याला माझ्या आधी कळलं. त्यानं मान वळवून सुमनकडे पाहिलं, ती आभाळाकडे बघत होती. मग माझ्या कानाशी म्हणाला, "राहू द्या नाना. एकच फांदी आहे. मी सांभाळून चालवतो."

बहिणीसाठी तो गळा पुढं करत होता. इतकं सोपं करून तो ते बोलला की क्षणभर मीही हो म्हणणार होतो. बायकोनंही ओळखलं. ती उठली, विळा घेऊन आली आणि माझ्या शेजारी ठेवला. विळ्यानं धागा एका घावात तुटला असता. पण पहिल्या कामाआधी धागा तोडायचा म्हणजे काय, ते सुमनला सांगायला कुणाची गरज नव्हती. ती परत आत गेली असती आणि पुढच्या आखाजीला आलीच नसती. आणि नाही तोडला, आणि करवत उसळली, तर माझा मुलगा गेला असता आणि लेक जिवंतपणी.

मी म्हातारा माणूस, हट्टी. हट्टानं पुष्कळ माणसं दुखावली असतील, तो हिशोब इथं काढत नाही. पण हट्टी माणसाला एक सवय असते. दोन वाटा समोर ठेवल्या की त्याला दोन्हींचा राग येतो.

"सुमन, इकडं ये. बस."

ती आली, बसली. मी विळा पायानं मागं सारला.

"ह्याचा ब्रेक बघ." मी तिला सगळं सांगितलं. अडकणं, उसळी, मनगट, ढाल. काही लपवलं नाही, आवाज मऊ केला नाही. तिचा हात धरून ढालीवर ठेवला. "ढकल."

तिनं ढकलली. कळायला तिला वेळ लागला नाही, ती मशीनवरच पोट भरते. तिनं हात झटकन मागं घेतला. "म्हणजे मन्हामुळे भाऊले..."

"अजून पिन लावली नाही. काही झालेलं नाही," मी म्हणालो. "धागा बरोबर आहे. जागा आम्ही कुणी दाखवली नाही. सोड आणि दुसरीकडे बांध."

"काढाना नही ऱ्हात ना, नाना."

"कापायचा नाही. सोडायचा. तूच बांधला, तूच सोड. तोच धागा पुन्हा बांध. हे घर माझं आहे, इथली रीत मी सांगतो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ही रीत मी तिथंच, त्या क्षणाला काढली होती, आणि ते तिला कळलं होतं. बायकोलाही कळलं होतं. बायको काय म्हणते इकडे माझं लक्ष होतं. ती खाली वाकली आणि विळा उचलून आत घेऊन गेली.

गाठ सुटेना. नखानं सुटेना, दातानं सुटेना. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि निंबाची फुलं आमच्या तिघांच्या डोक्यावर पडली. वर फांदी कुरकुरली. गोठ्याच्या भिंतीची माती भुसभुसत खाली आली. संजू म्हणाला, "लाईट जाईल आता." मी त्याला बोटानं गप्प केलं. सुमननं पदराला लावलेली सुई काढली, गाठीत घातली आणि डोळे बारीक करून एकेक पदर उकलायला लागली. कामाला लागलेला हात होता तो.

सुटला. तिनं धागा सरळ केला, थुंकी लावून टोक पिळलं आणि मला विचारलं, "कोठे बांधू?" मी मागच्या मुठीखालचा भाग दाखवला, जिथं काही हलत नाही, काही फिरत नाही. तिनं बांधला आणि लोंबणारी टोकं वेढ्यांत खोचली. मग मी न सांगता तिनंच हात पुढं नेला आणि ढाल ढकलली.

खट् आवाज झाला आणि ढाल पुढं पडली. मी मोज्यानं चेन ओढून बघितली, हलेना. ढाल मागं घेतली, चेन मोकळी. मग मी पहिल्यापासून सगळं पुन्हा बघितलं. ताण, नट, तेल. संजू चडफडला, पण थांबला.

पिन लावली. मी धोतर सावरत विहिरीच्या कडेला गेलो. सुमन माझ्या शेजारी उभी राहिली, बायको तिच्या शेजारी. संजूनं टोक एका पुठ्ठ्यासमोर धरून करवत फिरवली, तेलाचे ठिपके उडाले तेव्हा पुढं गेला. पाय रुंद, दोन्ही हात मुठींवर. आधी बाकाच्या आतल्या अंगानं थोडा काप, मग बाहेरून. ओल्या निंबाचा कडू वास अंगणभर झाला. लाकूड कण्हायला लागलं तसा तो मागं सरला, थांबला, पुन्हा एक काप दिला. फांदी बसल्यासारखी टेकूंवर आली, दोर ताणला आणि ती जागच्या जागी जमिनीवर निजली. करवत एकदाही उसळली नाही. ब्रेक लागायची वेळ आलीच नाही. धागा तसाच राहिला असता तरी चाललं असतं की नाही, ते आता कोणीच सांगू शकत नाही, आणि मला ते कळून घ्यायचंही नाही.

थोड्या वेळानं लाईट गेली. वारा रात्रीपर्यंत झोडत होता. बायकोनं सुमनकडे पाठ करून ताटं वाढली आणि न वळता म्हणाली, "उद्या मांडा करनास, तूच पीठ भिजव." तेवढंच.

आताशा मला करवत उचलवत नाही. भिंतीला टांगलेली असते, म्यान घातलेली. संजू आला की काढतो. वारा असा पडून राहिला की मी तिच्याकडे बघत ओट्यावर बसतो आणि खट् करून कोणी काही बंद केलं, दार म्हणा, डबा म्हणा, की माझी मान वळते.

त्या आखाजीला केळीचा बाग कापणीला आला होता. पहिला घड कापायच्या आधी त्याला हळदी-कुंकू लागतं आणि त्यासाठी दरवर्षी गावातली एखादी सवाष्ण बोलावतात. फांदी उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला बोलावलं नाही. ताट सुमनच्या हातात दिलं, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि शेताकडे मागच्या बाजूनं जवळची वाट असताना तिला घेऊन गावाच्या मधल्या गल्लीतून निघालो. ओट्यांवर माणसं दात घासत बसली होती. कोणीतरी विचारलं, "कुठं निघाले नाना?"

"पूजेला," मी म्हणालो. "सुमन करणार आहे." आणि चाल आणखी सावकाश केली.